२५० रुपयांच्या कॉफीतले मळेवाल्याचे किती?

फर्ग्युसन रस्त्यावर २५० रुपयांची कॉफी पिताना कुणीतरी म्हणतंच, "कूर्ग-चिकमगळूरचे मळेवाले गब्बर असणार!" साफ चूक. आपल्याकडचे बहुतेक कॉफी उत्पादक १० हेक्टरांच्या आतले. हिशेब बघा: कपात १८ ग्रॅम भाजकी पूड, म्हणजे साधारण २२ ग्रॅम कच्च्या बिया. किलोला ४०० रुपये धरले तरी मळेवाल्याला नऊएक रुपये. बाकी भाडं, दूध, पगार, एसी. त्या नवातूनच खत आणि तोडणी. फळं एकदम पिकत नाहीत, लालच तेवढी हाताने वेचायची, मग पुन्हा फेरी. मजुरीच कंबरडं मोडते. भाव ठरतो न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात. तो चढला म्हणून नवी रोपं लावली, तर फळायला ३-४ वर्षं! आणि फेब्रुवारी-एप्रिलमधला फुलोऱ्याचा पाऊस हुकला, तर चढ्या भावात विकायला माल आणणार कुठून?