कालव्यावरील नौका आणि गळ (ब्रिटन)

इंग्लंड आणि वेल्समधील जुन्या मालवाहू कालव्यांवर आज दोन छंद एकाच पाण्यात नांदतात. ‘नॅरोबोट’ नावाच्या लांबट, चिंचोळ्या नौकेतून संथ प्रवास करणे हा एक, आणि काठावर बसून गळाने मासे धरणे हा दुसरा. पाणी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-बारा मीटर रुंद. काठावरची वाट त्याहून कितीतरी अरुंद आणि तिच्यावर पायी चालणारे, पळणारे, सायकलवाले असतातच. एवढ्या जागेत नौकावाले आणि गळवाले कुठे अडतात, एकमेकांना कसे सांभाळून घेतात आणि त्यातून कोणते कायदे व रिवाज घडले, याची ही नोंद.

आपल्याकडे कालवा शेतासाठी असतो. मुठेचा असो की नीरेचा, त्याचे पाणी वाहते आणि आवर्तन संपले की तो आटतो. ब्रिटनचा कालवा माल वाहण्यासाठी खणलेला, म्हणून त्याचे पाणी जवळजवळ उभेच असते. जमिनीला चढ-उतार आला की तिथे ‘लॉक’ लागतो, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. नौका आत घ्यायची, दारे लावायची, झडपा उघडून पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नव्या पातळीवर बाहेर पडायचे. दोन लॉकांमधला सपाट पट्टा हे एक लांबच लांब तळेच. रोच, ब्रीम, पर्च, गजन, टेंच, पाइक असे गोड्या पाण्यातले मासे त्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढले आहेत.

या कालव्यांच्या युगाची सुरुवात सहसा 1761 पासून धरतात. त्या वर्षी ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या देखरेखीखाली खणलेल्या कालव्यातून मँचेस्टरकडे जाऊ लागला. नौका घोडे ओढत. घोड्याला चालता यावे म्हणून पाण्याच्या एका बाजूने वाट राखली गेली, तोच ‘टोपाथ’. घोडे गेले, वाट राहिली, आणि आज गळवाला बसतो तो याच वाटेवर.

रेल्वे आली तशी कालव्यांची मालवाहतूक खालावत गेली. 1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात आले. 1962–63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, उरलासुरला व्यापार रस्त्याकडे वळला आणि परतला नाही. अनेक पट्ट्यांत गाळ साचला, पाणवनस्पती माजल्या, लॉकची दारे कुजली. त्या पडत्या काळात कित्येक कालव्यांवर नेमाने येणारा माणूस म्हणजे स्थानिक क्लबचा गळवालाच होता. नौकावाल्यांच्या आठवणींत हा काळ ‘कालवे वाचवण्याच्या चळवळी’चा म्हणून येतो आणि ते खरेही आहे. इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था 1946 मध्ये त्यासाठीच निघाली. पण काठावर बसणाऱ्यांनीही या पाण्यावर जीव लावला होता, त्याचे भाडे भरले होते, हे त्या कथेत फारसे येत नाही. ते यायला हवे.

1968 च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची तीन गटांत विभागणी केली : व्यापारी, विहारासाठीचे आणि उरलेले. यातला दुसरा गट या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हे कालवे मुख्यतः नौकाविहार, मासेमारी व इतर करमणुकीसाठी उपलब्ध असावेत, असे कायद्याने म्हटले. नौका आणि गळ एकाच वाक्यात शेजारी-शेजारी बसले. पाणी कोणाचे, हा वाद आजही अधूनमधून पेटतो. त्याचे कायदेशीर उत्तर तेव्हापासून ‘दोघांचे’ असेच आहे. कालव्यांचा कारभार पुढे ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाकडे राहिला आणि 2012 मध्ये इंग्लंड-वेल्सपुरता कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेला. तिच्याकडे सुमारे 3,200 किमी जलमार्ग आहेत. स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनल्स सांभाळते.

भांडण समजायचे तर आधी कालव्याचा तळ समजायला हवा. पाण्याखाली कालव्याचा आकार साधारण पसरट कढईसारखा असतो. मधोमध नौकांच्या पंख्यांनी खरवडून खोल राहिलेला पट्टा, आणि दोन्ही काठांशी उथळ पायरी. मासा चरतो तो बहुधा या पायरीच्या उतारावर, किंवा पलीकडच्या काठाला झुडपांच्या सावलीत, जिथे माणसाचा वावर नाही. गळवाला सकाळी येऊन नेमक्या त्या जागी मूठ-मूठ चारा टाकतो आणि तासाभराने मासे तिथे जमू लागतात. म्हणजे त्याची सारी मेहनत पाण्याखालच्या दोन-तीन हातांच्या जागेत साठलेली असते आणि नौकावाल्याला ती दिसत नाही.

म्हणूनच चांगल्या मनाचा नौकावाला हमखास एक चूक करतो. काठावर माणूस दिसला की त्याच्यापासून लांब राहावे म्हणून तो नौका पलीकडच्या काठाला घेतो. त्याच्या मते हे सौजन्य, प्रत्यक्षात तो चाऱ्यावरूनच नौका नेत असतो. शिवाय उथळात पंखा गाळ उसळवतो आणि नौका तळाला रुतायची भीती असते. म्हणून मधूनच चालावे हा नियम. समोरून दुसरी नौका आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे सरायचे, आणि ओलांडून झाले की पुन्हा मध्यावर यायचे.

दुसरी चूक वेगाची. बहुतेक कालव्यांवर कमाल वेग ताशी 4 मैल, म्हणजे सुमारे 6.4 किमी आहे. गळवाल्यांजवळून जाताना त्याहूनही हळू जावे लागते. अरुंद पात्रात नौका पुढे सरकते तेव्हा तिच्यापुढचे पाणी बाजूंनी मागे पळते, काठाशी पातळी क्षणभर खाली जाते आणि मग लाट येते. वेग वाढवला तर नौका फारशी पुढे जात नाही, ती पाणीच जास्त ढकलते. मागची लाट काठावर फुटू लागली की वेग जास्त झाला, हे जुने सुकाणूवाले पहिल्याच दिवशी शिकवतात. अशा लाटेने काठाची माती ढासळते, गळवाल्याची पकडलेले मासे ठेवायची जाळी हेलकावते आणि चारा वाहून जातो.

मग गळवाला दिसताच इंजिन एकदम थांबवावे का? तेही नाही. नॅरोबोटचे सुकाणू पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर काम करते. पंखा थांबला की सुकाणू बोथट होते, आणि वीस मीटर लांब, कित्येक टन वजनाची पोलादी नौका वारा नेईल तिकडे जाते. तिला ब्रेक नसतो. म्हणून बरेच आधी, लांबूनच वेग कमी करायचा, मग तोच संथ वेग शेवटच्या गळवाल्यापर्यंत ठेवायचा. क्लबच्या स्पर्धेत एकामागोमाग कितीतरी गळवाले ठरावीक अंतराने, खुंट्या ठोकून नेमून दिलेल्या जागी बसलेले असतात. तेव्हा हा प्रवास मन लावून करावा लागतो.

गळवाल्याच्या बाजूनेही कर्तव्ये आहेत. नौका जवळ आली की काठी वेळेवर उचलायची. लॉकच्या तोंडाशी, लॉकसाठी थांबायच्या धक्क्यावर, पुलाखाली, पाणी भरायच्या नळाशी आणि नौका वळवण्यासाठी रुंद केलेल्या जागी बसायचे नाही, कारण तिथे नौकेतून माणसे उतरतात, दोर टाकतात. तुटलेला दोरा पाण्यात सोडायचा नाही. तो पंख्याला गुंडाळतो, आणि मग नौकावाल्याला मागचे झाकण उघडून थंडगार पाण्यात हात घालून तो कापत बसावे लागते. त्याच दोऱ्यात हंस आणि पाणकोंबड्याही अडकतात. शिशाच्या छोट्या वजनांनी हंसांना विषबाधा होत असे. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि गळवाल्यांनी पर्यायी वजने वापरायला सुरुवात केली.

कालव्यावरचा खास गळ म्हणजे ‘पोल’. याला दोरा गुंडाळायची चरखी नसते. कार्बनच्या पोकळ नळ्या एकीत एक बसवून केलेली ही काठी 16 मीटरपर्यंत लांब होते, आणि तिचे टोक थेट पलीकडच्या झुडपाखाली नेऊन ठेवता येते. मासा लागला की काठी मागे सरकवत आणायची आणि मधला सांधा काढायचा. मागे सरकवायची म्हणजे कुठे? टोपाथवर आडवी, कधीकधी थेट कुंपणातून पलीकडे. अशा काठीची किंमत काही हजार पौंडांपर्यंत जाते. सायकलवाला त्याच क्षणी वळणावरून आला तर काठी मोडते, नाहीतर माणूस पडतो. टोपाथवर नौका आणि गळ यांच्यापेक्षा सायकल आणि पोल यांच्यातच आता जास्त खटके उडतात, असे माझे मत आहे. ट्रस्टच्या सूचनेनुसार या वाटेवर पायी चालणाऱ्याला अग्रहक्क असतो, सायकलवाल्याने वेग उतरवायचा असतो आणि घंटी वाजवायची असते. गळवाल्याने मागे पाहूनच काठी सरकवावी, सामानाची पेटी वाटेच्या बाहेर ठेवावी. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून वरून जाणाऱ्या वीजतारांच्या आसपास गळ टाकायला सक्त मनाई आहे. किमान 30 मीटर दूर राहायचे असते.

उभ्या नौकांचा प्रश्न वेगळा. ट्रस्टच्या जलमार्गांवर सुमारे 35,000 नौका आहेत, आणि त्यांतल्या अनेक लोकांची घरे आहेत. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमचा धक्का नसलेल्या नौकेने एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. लंडनमध्ये किंवा दक्षिण इंग्लंडातल्या केनेट अँड एव्हन कालव्याच्या पश्चिम टोकाला टोपाथच्या कडेने नौकांची रांगच लागते, आणि क्लबने भाड्याने घेतलेल्या पट्ट्यात बसायला जागा उरत नाही. गळवाल्याला हे खुपते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण घर सोडून जायला नौकावाल्याकडेही दुसरी जागा नसते. बॅटरी भरण्यासाठी रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवू नये, हा नियम दोघांच्याही शांततेसाठी उपयोगी पडतो. मासे मात्र या रांगेवर नाराज नाहीत. उभ्या नौकेच्या तळाखालची सावली पर्चला फार आवडते, हे जाणकार गळवाले ओळखून असतात.

गळ टाकायला दोन परवाने लागतात. एक सरकारी रॉड लायसन्स, 13 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, त्यात 13 ते 16 वयोगटाला 2017 पासून फुकट. दुसरी, त्या पट्ट्याचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या क्लबची किंवा ट्रस्टची परवानगी. स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी सरकारी परवाना नाही. इंग्लंडच्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळ बंद असतो. माशांच्या विणीसाठीची ही बंदी 1878 च्या कायद्यापासून चालत आली. कालव्यांवरही ती होती, म्हणजे वसंतातले तीन महिने पाणी फक्त नौकांचे असे. 2000 साली काही संरक्षित पट्टे सोडून कालव्यांवरची बंदी उठली आणि दोघे बारमाही शेजारी झाले.

मराठी वाचकाला एका गोष्टीचे नवल वाटेल. कोकणात गरी घेऊन गरवायला गेलेला माणूस रात्रीच्या कालवणाची सोय करून परततो. ब्रिटनच्या कालव्यावर मासा जाळीत जिवंत ठेवतात, स्पर्धा असेल तर वजन करतात आणि संध्याकाळी पाण्यात सोडून देतात. म्हणून माशांची संख्या टिकते, आणि एकाच पट्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा होऊ शकतात.

नौका माशांना त्रास देते का, याचे उत्तर ‘किती नौका’ यावर अवलंबून आहे. वर्दळ फार असेल तर गाळ उसळत राहतो, पाणी सतत चहासारखे गढूळ असते, ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि पाणवनस्पती मरतात. त्यांच्याबरोबर अंडी घालायची व लपायची जागाही जाते. पण नौका मुळीच नसतील तर पाणी वनस्पतींनी ठासून भरते, गळ टाकायला उघडे पाणीच राहत नाही. कालवा गाळाने भरत भरत दलदल होतो. शिवाय नौका लॉकमधून उतरली की पट्ट्यातले उभे पाणी हळूच सरकू लागते, गळाच्या दोऱ्यावरचा तरंगक वाहतो, आणि नौका दिसण्याआधीच गळवाल्याला कळते की कोणीतरी येते आहे. त्या हालचालीने मासे चाऱ्यावर येतात असा अनेकांचा अनुभव आहे. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी एखादा पट्टा रिकामा करतात तेव्हा आधी मासे विजेच्या सौम्य धक्क्याने गुंगवून, पकडून दुसरीकडे सोडतात. मात्र एखाद्या नौकावाल्याने लॉकची झडप उघडी टाकली तर रात्रीत अख्खा पट्टा रिकामा होतो. तेव्हा सकाळी नौका चिखलात कलंडलेल्या असतात आणि त्यांच्या बाजूला मासे तडफडत असतात.

केनेट अँड एव्हन कालवा दशकांच्या पडझडीनंतर 1990 मध्ये पुन्हा पूर्ण खुला झाला. जिथे शांत पाणी होते तिथे नौका आल्या, आणि क्लबांना नव्या वेळा शिकाव्या लागल्या : उन्हाळ्यात पहाटे बसायचे, नौका सुटू लागल्या की उठायचे. वेल्सच्या सीमेवरच्या मॉन्टगोमरी कालव्यावर प्रश्न आणखी नाजूक आहे. 1936 मध्ये काठ फुटून तो बंद पडला, आणि त्या शांततेत तिथे ‘फ्लोटिंग वॉटर-प्लँटेन’ ही दुर्मीळ पाणवनस्पती फोफावली. तिथे आता पट्टा-पट्टा करत जीर्णोद्धार चालतो, खुल्या झालेल्या भागांत किती नौका जाऊ द्यायच्या याला मर्यादा घातली जाते, आणि वनस्पतींसाठी कालव्याच्या बाजूला वेगळी राखीव तळी खणली जातात.