भीती पुसली जात नाही, मग थेरपी नेमकं करते काय?

"एका सेशनमध्ये भीती मुळापासून घालवतो" असल्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट झालाय, काहीजण तर त्यासाठी तुम्हाला मागच्या जन्मात घेऊन जातात. मागच्या जन्माला काडीचाही पुरावा नाही, त्यात पैसे घालवू नका. पण ज्या थेरपीला भक्कम पुरावा आहे, तीसुद्धा भीती मुळापासून काढत नाही.

थेरपी म्हटलं की लोकांना कोचावर पडून लहानपणच्या गोष्टी सांगणारा पेशंट आठवतो, ती फ्रॉइडची पद्धत. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने थेरपिस्टच्या आस्थेवर आणि पेशंटला आहे तसं स्वीकारण्यावर भर दिला, 1960च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेकने डिप्रेशनमध्ये आपोआप येणारे नकारात्मक विचार तपासायला शिकवलं. हे सगळं महत्त्वाचंच, पण मला सगळ्यात भारी वाटते ती एक्सपोजर थेरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं.

1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची केस छापली. पीटर सशाला प्रचंड घाबरायचा. न घाबरणाऱ्या मुलांसोबत त्याला सशाजवळ खेळू दिलं तर तो बराच सुधारला, पण मग त्याला स्कार्लेट फीव्हर झाला, आणि हॉस्पिटलमधून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, झालं, सशाची भीती जशीच्या तशी परत! मग तो आवडीचं खात असताना पिंजरा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, असं करत करत शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला.

आता भीती परत का आली? रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांमध्ये हेच दिसलं होतं. आवाजानंतर खाणं मिळायचं म्हणून आवाज ऐकून लाळ यायची, मग खाणं बंद केलं तर लाळही थांबली, पण थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा आवाज केला की लाळ हजर. म्हणजे जुनं शिकलेलं मेंदूत शाबूतच होतं, एक्स्टिंक्शनमध्ये, म्हणजे अशी शिकलेली प्रतिक्रिया हळूहळू थांबते तेव्हा, त्याच्यावर नवीन शिकणं चढतं आणि ते जुन्याला दाबून ठेवतं. भीतीच्या बाबतीत अमिग्डालाला, म्हणजे मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाला, आवरायचं हे काम बरंचसं प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, म्हणजे कपाळामागच्या मेंदूचा, आतला, खालचा भाग करतो. गोची अशी की नवीन शिकणं जागेला आणि परिस्थितीला जास्त चिकटलेलं असतं, त्यामुळे क्लिनिकमध्ये शांत राहणारा माणूस बाहेर तीच गोष्ट दिसली की घाबरू शकतो.

म्हणून मुरलेला थेरपिस्ट लिफ्टला घाबरणाऱ्याला वेगवेगळ्या लिफ्टमध्ये, वेगवेगळ्या वेळी, कधी एकट्याने जायला लावतो. आधी विचारतो, "काय होईल असं वाटतंय?" "श्वास कोंडेल, बेशुद्ध पडेन." मग वर जाऊन आल्यावर खरंच काय झालं ते त्याच्याकडूनच वदवून घेतो, कारण अंदाज आणि अनुभव यातली तफावत जितकी मोठी तितकं नवीन शिकणं पक्कं होतं. हातातली पाण्याची बाटली, सोबतीला आणलेला भाऊ, हेही हळूहळू काढून घेतो, नाहीतर मेंदू सगळं श्रेय बाटलीला देऊन मोकळा होतो. आणि थेरपी संपवताना तो सांगून ठेवतो की भीती परत डोकं वर काढू शकते, तसं झालं तर सुरुवात कुठल्या पायरीपासून करायची हे पेशंटने तेव्हाच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं असतं.