दरबारी विदूषक: मुभा कोणाच्या मर्जीची?

पत्त्यांतल्या जोकरमुळे घुंगरांच्या टोपीतला विदूषक आपल्या डोळ्यांपुढे पक्का बसला आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या दप्तरांत मात्र तो भेटतो तो गवई, वादक, कथेकरी आणि कसरतपटू अशा पोटार्थी कलावंतांच्या मोठ्या ताफ्यातला एक म्हणून; पहिल्या एडवर्डने १३०६ मध्ये वेस्टमिन्स्टरला दिलेल्या मेजवानीच्या हिशेबात तर मॅटिल्डा मेकजॉय या कसरती करणाऱ्या स्त्रीचेही नाव आहे. त्याआधी, बाराव्या शतकात, रोलंड नावाच्या इसमाकडे सफोकमधील हेमिंग्स्टन येथे जमीन होती आणि तिच्या बदल्यात त्याने दर नाताळात राजापुढे एक उडी मारायची, एक शीळ घालायची आणि एकदा पादायचे, अशी चाकरी ठरलेली होती. जमिनींच्या सरकारी नोंदवहीत हे सारे गंभीर लॅटिनमध्ये लिहिलेले आहे.

विदूषकांत दोन प्रकार मानले जात: जन्मतः मंदबुद्धी असलेले आणि वेडेपणाचे सोंग हेच ज्यांचे कसब होते असे. पहिल्यांना धन्याच्या घरी अन्नवस्त्र मिळे, पण त्यांची इच्छा कोणी विचारत नसे. १५२९ मध्ये राजाची मर्जी खप्पा झाल्यावर कार्डिनल वुल्झीने आपला विदूषक आठव्या हेन्रीला नजर केला, तेव्हा तो जाईना आणि त्याला न्यायला सहा धिप्पाड सेवक लागले. याच हेन्रीच्या लाडक्या विल सॉमर्ससाठी १५३५ मध्ये लाल झालरीचा हिरवा अंगरखा व टोपी शिवल्याची नोंद आहे. घुंगरांचा त्यात उल्लेख नाही.

राजाला खरे सुनावण्याची मुभा फक्त विदूषकाला असे, हे कौतुकाने सांगितले जाते. पण ती मुभा राजाच्या मर्जीपुरतीच होती. स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादण्याचा आर्चबिशप लॉड यांचा बेत १६३७ मध्ये दंगलींमुळे अंगलट आला, तेव्हा पहिल्या चार्ल्सचा विदूषक आर्ची आर्मस्ट्राँग याने त्यांना ‘आता मूर्ख कोण?’ असे तोंडावर विचारल्याचे सांगतात. लॉड यांनी तक्रार केली, प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचा, हुकूम निघाला आणि १६३८ मध्ये दरबारी अंगरखा डोक्यावरून ओढून काढून आर्चीला हाकलण्यात आले.

१६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद होऊन दरबारच मोडला आणि १६६० मध्ये राजेशाही परतल्यावरही हे पद भरले गेले नाही. आर्चीने मात्र नोकरीत असतानाच जमीनजुमला करून ठेवला होता. तो कंबरलंडमधील आर्थरेटला जाऊन राहिला आणि १६७२ मध्ये तिथेच वारला.