बाजारातील विक्रेत्यांची आरंभीची छायाचित्रे : रचना व छटा

मासळीवाल्या, फुलवाल्या, फेरीवाले यांची १८४० नंतरच्या पाच-सहा दशकांत घेतलेली छायाचित्रे. त्यांतली माणसे ताठ, गंभीर दिसतात. हे गांभीर्य सहसा गरिबीच्या खाती मांडले जाते. पुष्कळदा ते मंद रसायनाचे असते.

या प्रकारातला अव्वल संच एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्याचा. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४३ ते १८४७ या काळात तेथील कोळी-कोळिणींची शंभराहून अधिक छायाचित्रे घेतली. ॲडमसन १८४८ च्या जानेवारीत वारला, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. या कोळिणी वेताची करंडी पाठीवर घेऊन एडिंबरोत मासळी विकायला जात. करंडीचा पट्टा कपाळावरून जाई. डोक्यावर पाटी घेणाऱ्या कोळिणीची मान ताठ राहते. इथे भार कपाळाला मागे ओढतो, म्हणून बाई पुढे झुकून चालते. छायाचित्रात मात्र ती चाल येणे शक्यच नव्हते.

कारण कॅलोटाइप. या पद्धतीत निगेटिव्ह कागदाची असे आणि भर उन्हातही काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत स्थिर राहावे लागे. त्यामुळे शरीराला टेकू हवा : भिंत, करंडी, नाहीतर शेजारीण. एका प्रसिद्ध चित्रात तिघी जणी पत्रावर डोकी जुळवून एकमेकींना रेलल्या आहेत. रचना जिव्हाळ्याची वाटते, आणि आहेही. पण न हलण्याची सोयही तीच. हिलमधला चित्रकार अशा अडचणीतून त्रिकोण बांधून घेतो.

छटेचेही तसेच. कागदाचे तंतू प्रिंटमध्ये उतरत, बारीक तपशील विरघळत आणि सावल्यांचे मोठे तपकिरी पुंजके उरत. कागदाचा हा खरखरीतपणाच कॅलोटाइपचा प्राण, असे हिलचे मत होते. शिवाय त्या काळची रसायने निळ्या रंगाला चटकन आणि लाल-पिवळ्याला फार सावकाश प्रतिसाद देत. निळे कापड फिकट, लाल काळपट, आकाश कोरे. म्हणून प्रिंटमधल्या गडदपणावरून पोशाखाचा रंग सांगू नये; चेहऱ्याचा वर्ण तर नकोच. आज दिसणारा पिवळटपणा बहुतेक वेळा नंतरचा असतो. जॉन थॉमसनची लंडनच्या रस्त्यांवरील विक्रेत्यांची छायाचित्रे (१८७७) छापताना जिलेटिनात मिसळलेले रंगद्रव्य वापरले होते; ती त्यामुळे फिकी पडली नाहीत.

मुंबईत विल्यम जॉन्सनने १८५० च्या दशकात शहरातील जाती-जमाती आणि व्यवसाय टिपले. ‘प्रत्येक जातीचा एक नमुना’ हा वसाहती दृष्टिकोन त्यांत उघड दिसतो. १८६३ आणि १८६६ साली लंडनहून निघालेल्या त्याच्या दोन खंडांपैकी दुसरा महाराष्ट्राचा आहे. या खंडांसाठी त्याने माणसे एका निगेटिव्हवर घेतली, मुंबईची दृश्ये दुसरीवर, आणि दोन्ही एका प्रिंटमध्ये जोडली. म्हणजे मागे दिसणाऱ्या जागी ती माणसे त्या वेळी उभी असतीलच असे नाही. अशा प्रिंटमध्ये आधी पावलांकडे पाहावे. अंगावरचा उजेड एका बाजूचा आणि मागच्या इमारतीवरचा दुसऱ्या, किंवा पायाखाली सावलीच नाही, असे दिसले की जोड तिथेच सापडते.