घाटापलीकडची गाडी: इंदूरच्या वाहतुकीतल्या कार्बनची पार्श्वभूमी

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, तेव्हा इंदुरातल्या मराठी घरांत पहिला हिशेब झाला तो तासांचा. नाशिक किती वाजता येईल, पुण्याला सकाळी पोचता येईल का. सरकारी पत्रकात मात्र आणखीही हिशेब होते: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, वर्षाला २ कोटी ६० लाख टन जादा माल, १८ कोटी लिटर तेलाची बचत आणि १३८ कोटी किलो कार्बन डायऑक्साइड कमी. यातले शेवटचे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की अडखळायला होतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १८ कोटी लिटरचा झाला पन्नास कोटी किलोच्या आत. उरलेला कुठून आला, हे पत्रक सांगत नाही.

तरीही रेल्वेमार्गाच्या मंजुरीत धुराचा हिशेब येऊ लागला, ही गोष्ट नवी आहे. या भागात रूळ पडले ते दीडशे वर्षांपूर्वी, आणि अगदी वेगळ्या कारणांनी.

१८१८मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात झालेल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. माळव्याची अफू आणि कापूस तेव्हा बैलगाड्यांवरून आणि बैलांच्या पाठीवरून मुंबईकडे जायचा. त्याची वाट मानपूरचा घाट, नर्मदा, सेंधव्याचा घाट, मग खानदेश आणि नाशिक अशी. आजचा ए.बी. रोड, म्हणजे आग्रा–मुंबई रस्ता, ढोबळमानाने तीच वाट धरून जातो. मुंबई–जबलपूर रेल्वे मात्र भुसावळ–खंडव्यावरून पुढे निघून गेली आणि इंदूर एका बाजूला राहिलं. तेव्हा महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने, वर जमीन फुकट. संस्थानिकाने साहेबाला कर्ज द्यायचं आणि साहेबाने त्यातून रेल्वे बांधायची! पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही ७५ लाख देऊन नीमचची लाईन इंदूरला जोडून घेतली. इंदूरचं पहिलं इंजिन हत्तींनी ओढत आणलं, असं अजून सांगतात.

खंडव्याहून निघालेली ही होळकर स्टेट रेल्वे १८७०च्या दशकात नर्मदेवर पूल घालून, काळाकुंड–पातालपाणीचा घाट चढून महू-इंदूरला पोचली. पण दोन गोष्टी तेव्हाच ठरून गेल्या, आणि माझ्या मते आजच्या धुराचं मूळ त्यांत आहे.

पहिली गोष्ट दिशेची. रूळ खंडव्याकडे गेले, रस्ता सेंधव्याकडे. इंदूरची माणसं आणि माल ज्या नैर्ऋत्येला जातात, त्या बाजूला रेल्वे पडलीच नाही. पुढे मोठी लाईन आली ती उज्जैनच्या बाजूने. त्यामुळे आज मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेस आधी उज्जैन, रतलाम करत वर जाते, मग वडोदऱ्यावरून खाली उतरते: सुमारे ८३० किलोमीटर. रस्त्याने मुंबई सहाशेच्या आत. पुण्याची गाडीही तशीच वळसा घालते. मग लग्नाला, दिवाळीला, नोकरीच्या पहिल्या दिवसाला इंदूरकर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघतो, यात नवल काय? त्याला रेल्वे नको असते असं नाही. त्याच्या वाटेवर ती नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट रुंदीची. खंडवा–इंदूर ही छोटी लाईन, म्हणजे मीटर गेज. खंडव्याहून मुंबईकडे मोठी. खंडव्यावर प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचं. त्यात हमाली, खोळंबा, फुटतूट आणि चोरी आलीच. लोखंडी चाक लोखंडी रुळावर कमी घर्षणाने चालतं, म्हणून त्याच वजनाला रेल्वेला ट्रकपेक्षा पुष्कळ कमी इंधन लागतं, हे खरं. पण व्यापारी इंधन मोजत नाही, माल कधी हातात पडेल ते मोजतो. सियागंज या इंदूरच्या घाऊक बाजाराच्या दारातून थेट मुंबईच्या गोदामात एका बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) माल पोचवणारा ट्रक आला, आणि छोट्या लाईनचा माल हळूहळू रस्त्यावर उतरला. इंदूर याला अपवाद नव्हतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. आता तो पाव हिश्शाच्या थोडा वर उरला आहे.

ही घसरण कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय वाहतूक धोरण समिती बसली आणि १९८०च्या अहवालात तिने ऊर्जेच्या दृष्टीने रेल्वेला झुकतं माप द्यायला सांगितलं. तेव्हा चिंता परकीय चलनाची होती, हवामानाची नव्हे. औषध मात्र तेच. त्याच दशकात महूजवळ पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. वाहनं बनवणारे कारखाने तिथे आले, आणि त्यांचा कच्चा-पक्का माल मुख्यतः रस्त्यानेच ये-जा करू लागला. गाडी जाताना भरलेली, येताना भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी. रिकाम्या फेरीचा धूरही धूरच.

कार्बन हा शब्द सरकारी कागदात रुळला तो हवामानबदलावरच्या २००८च्या राष्ट्रीय कृती आराखड्यापासून. २०२१मध्ये ग्लासगोत भारताने २०७०चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जेवढा कार्बन सोडायचा तेवढा शोषूनही घ्यायचा) उद्दिष्ट जाहीर केलं. रेल्वेने स्वतःसाठी २०३० हे वर्ष धरलं आहे, आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेत देशातल्या मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा २०३०पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचा संकल्प आहे.

शहरापुरतं इंदूरने पुष्कळ केलं. २००५मध्ये सिटी बसची स्वतंत्र कंपनी निघाली. २०१३मध्ये ए.बी. रोडवर साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये तो काढायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, रोज ५५० टन कचरा घेणारा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला आणि त्यातला गॅस शहराच्या बसगाड्यांत जाऊ लागला. मे २०२५मध्ये मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पा, पाच स्थानकांचा. बीआरटीएस तोडताना मोटारवाल्यांना झालेला आनंद मला पटला नाही, पण तो वाद वेगळा. इथे मुद्दा एवढाच, की हे सगळं बायपासच्या आत संपतं. ट्रकांची रांग त्याच्या बाहेर असते.

आणि घाटात त्या रांगेचं खरं रूप दिसतं. चढताना इंजिन धापा टाकतं, डिझेल ओततं. उतरताना तीच शक्ती ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. ए.बी. रोडवरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरकरांना पाठ आहेत. विजेचा ट्रक उतारावर त्यातली काही शक्ती बॅटरीत परत भरू शकतो, म्हणून अशा रस्त्याला तो खरं तर साजेसा. विजेच्या वाहनांसाठीच्या २०२४च्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्रीय योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेही आहेत. पण बॅटरीचं वजन म्हणजे तेवढा माल कमी, आणि चार्जिंगला थांबा म्हणजे तेवढा वेळ. शिवाय वीज कोळशाची असेल तर धूर घाटातून निघून औष्णिक केंद्राच्या चिमणीतून बाहेर पडतो. मध्य प्रदेशातली बहुतेक वीज आजही कोळशाचीच. आणि याच राज्यातल्या रीव्याच्या ७५० मेगावॉट सौर प्रकल्पातली काही वीज दिल्लीची मेट्रो चालवते.

म्हणून इंदूरच्या वाहतुकीतला कार्बन कमी करण्याचा आराखडा इंदूरपुरता करता येत नाही. शहराचा नकाशा बायपासला थांबतो, राज्याचा बिजासनच्या सीमेवर, आणि वाहतूक दोन्ही ओलांडून जाते. मनमाडच्या मार्गावर महाराष्ट्रातले नाशिक-धुळे आणि मध्य प्रदेशातले बडवानी, खरगोन, धार, इंदूर असे सहा जिल्हे येतात. खंडव्याच्या बाजूने तर आणखी पेच आहे. छोटी लाईन मोठी करायची म्हणून आधी बंद केली गेली, आणि अकोल्याकडचा तुकडा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून वळवायचा, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. कार्बन वाचवायचा तर रूळ हवेत, वाघ वाचवायचा तर तिथे नकोत. माझं मत वळवण्याच्या बाजूने आहे, किलोमीटर वाढले तरी. मात्र नवी लाईन तयार होण्याआधी जुनी उखडायची या पद्धतीने मधल्या वर्षांतला सगळा प्रवासी बसला आणि जीपला दिला, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक सहज परत येत नाही.

पश्चिमेला इंदूर–दाहोद ही सुमारे २०५ किलोमीटरची लाईन आखलेली आहे. पीथमपूरचा माल गुजरातच्या बंदरांकडे सरळ नेणारी, वळसा वाचवणारी. तिची पायाभरणी फेब्रुवारी २००८मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली. २६ मे २०२५ रोजी दाहोदच्या कारखान्यातून मालगाडीसाठी बनवलेलं ९,००० अश्वशक्तीचं पहिलं विजेचं इंजिन बाहेर पडलं. त्या दिवशी दाहोदहून इंदूरला येणारे रूळ पूर्ण झालेले नव्हते. तुकोजीरावांकडे निदान हत्ती तरी होते.