फ्रँकोची धर्मश्रद्धा

स्पेनचा हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको (१८९२–१९७५) मनापासून कॅथलिक होता की धर्म ही त्याच्या सत्तेची सोय होती, हा जुना वाद आहे. मुसोलिनीने १९२९ मध्ये व्हॅटिकनशी जो करार केला तो रोकडा व्यवहार होता, याबद्दल फारसे दुमत नाही. फ्रँकोचे प्रकरण इतक्या सहज निकालात निघत नाही, कारण दोन्ही बाजूंना भरपूर पुरावा आहे.

वादाच्या मध्यभागी एक वस्तू आहे : सोळाव्या शतकातील आव्हिलाच्या संत तेरेसाचा डावा हात. संतांच्या देहाचे अवशेष जपण्याची कॅथलिक परंपरा मराठी वाचकाला गोव्यामुळे ओळखीची आहे. जुन्या गोव्यात ज्याचे शव ठेवले आहे तो संत फ्रान्सिस झेवियर मूळचा स्पेनमधल्या नावारचा, आणि त्याच्याही उजव्या हाताचा भाग काढून रोमला नेलेला आहे. तेरेसाचा हात रोंडा येथील मठात असे. १९३६–३९ च्या यादवी युद्धात, म्हणजे स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध फ्रँको आणि इतर बंडखोर लढत असताना, तो तिथून उचलला गेला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहर बंडखोरांच्या हाती पडल्यावर प्रजासत्ताकाच्या एका कर्नलच्या सामानात सापडला. तो फ्रँकोकडे आला आणि पुढची ३८ वर्षे त्याच्याकडेच राहिला. शयनगृहात पलंगाजवळ आणि प्रवासातही तो सोबत असे. हा निव्वळ देखावा होता असे मानणे कठीण आहे. देखावा करायचा तर वस्तू चौकात मांडतात, झोपायच्या खोलीत नव्हे.

तरुण फ्रँको मात्र धार्मिक म्हणून ओळखला जात नव्हता. आई पिलार अत्यंत भाविक, तर वडील चैनी आणि घर सोडून गेलेले. मोरोक्कोतील फौजेत असताना ‘ना भीती, ना बाई, ना मिस्सा (चर्चमधील उपासना)’ अशी त्याची ख्याती होती. १९२३ मध्ये कार्मेन पोलोशी लग्न झाल्यावर घरात धर्माचरण वाढले. तरीही जुलै १९३६ मध्ये बंड करताना त्याने काढलेल्या जाहीरनाम्यात धर्माचा उल्लेख नाही. उलट शेवटी बंधुता, स्वातंत्र्य आणि समता ही फ्रेंच क्रांतीची त्रयी आहे, फक्त क्रम बदलून.

धर्म आला तो काही आठवड्यांनी, आणि तो आणला मुख्यतः बिशपांनी. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील भागात पाद्री, साधू आणि धर्मभगिनी मिळून सुमारे ६,८०० जणांची हत्या झाली. या रक्तपातामुळे चर्चला निवड करावी लागली. सप्टेंबर १९३६ मध्ये सालामांकाचा बिशप प्ला इ देनिएल याने या लढाईला ‘क्रूसेड’, म्हणजे धर्मयुद्ध, म्हटले आणि १ जुलै १९३७ च्या सामूहिक पत्राने बिशपांनी बंडखोरांना पाठिंबा दिला. कार्डिनल विदाल इ बाराकेर आणि उत्तरेकडील बास्क प्रदेशातल्या व्हितोरियाचा बिशप मूहिका यांनी सही केली नाही. मूहिकाच्या नकारालाही कारण होते : फ्रँकोच्याच सैन्याने १९३६ मध्ये डझनाहून अधिक बास्क पाद्र्यांना गोळ्या घातल्या होत्या. या ‘क्रूसेड’मध्ये लढायला मोरोक्कोतील हजारो मुसलमान शिपाई होते आणि त्यांच्या मुलखातील यात्रेकरूंना मक्केला नेण्यासाठी फ्रँकोने १९३७ मध्ये जहाजाची सोयही केली. कोणता देव कुणाला दाखवायचा, याचे भान त्याला पक्के होते.

विजयानंतर २० मे १९३९ रोजी माद्रिदच्या सांता बार्बरा चर्चमध्ये त्याने आपली तलवार कार्डिनल गोमा याच्या हाती दिली. पवित्र भाकरीच्या मिरवणुकीत धरायचे छत्र त्याच्या डोक्यावर धरले जाऊ लागले. नाण्यांवर ‘देवाच्या कृपेने’ स्पेनचा नेता अशी अक्षरे आली. १९५३ च्या कराराने चर्चला शिक्षण, विवाह आणि पगार यांत मोठे अधिकार मिळाले. बदल्यात बिशपांच्या नेमणुकीत १९४१ पासून चालणारा फ्रँकोचा शब्द कायम राहिला. याच व्यवस्थेला ‘राष्ट्रीय कॅथलिकवाद’ म्हणतात.

फ्रँको राहत असे त्या माद्रिदजवळच्या एल पार्दोच्या राजवाड्यात खाजगी प्रार्थनागृह होते, जपमाळ होती. त्याच घरात मृत्युदंडाच्या फायलीही येत. शिक्षा कायम करायची असेल तर तो कागदावर ‘एन्तेरादो’, म्हणजे ‘कळले’, एवढेच नोंदवी. आपली निवड देवाने केली आहे असे त्याला खरोखर वाटत असावे. हे पटले असेल तर जपमाळ आणि फाईल यांत विसंगती जाणवायचे कारणच उरत नाही. म्हणून ‘खरी की खोटी’ ही विभागणी इथे अपुरी पडते. त्यापेक्षा श्रद्धेने त्याला कधी अडवले का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

१९६२–६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत चर्चने राजसत्तेपासून अंतर राखायची दिशा धरली, आणि त्यानंतर ही कसोटी वारंवार आली. १९६८ मध्ये पोप सहावा पॉल याने बिशप सुचवण्याचा हक्क सोडण्याची विनंती केली. फ्रँकोने तो सोडला नाही. (पुढे राजा हुआन कार्लोसने १९७६ मध्ये सोडला.) विरोध करणाऱ्या पाद्र्यांसाठी सामोरा येथे वेगळा तुरुंग होता, ‘क्रूसेड’ जिंकणाऱ्या राजवटीचा पाद्र्यांसाठी तुरुंग, यावर वेगळे भाष्य नको. १९७४ मध्ये बिल्बाओचा बिशप आन्योव्हेरोस याने बास्क संस्कृतीच्या बाजूने प्रवचन लिहिले तेव्हा सरकारने त्याला देशाबाहेर काढायची तयारी केली, पण धर्मबहिष्काराची, म्हणजे चर्चमधून काढून टाकले जाण्याची, टांगती तलवार दिसताच माघार घेतली. धर्मबहिष्कृत होण्याचे भय की बदनामीचा हिशेब, हे यातून ठरत नाही. पुढच्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९७५ रोजी, पोपने दयेची विनवणी करूनही पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

२० नोव्हेंबर १९७५ रोजी तो वारला. मृत्युपत्रात त्याने कॅथलिक म्हणूनच जगायचे आणि मरायचे होते असे म्हटले आणि सर्वांची क्षमा मागितली. तेरेसाचा हात नंतर रोंडाच्या धर्मभगिनींकडे परत गेला. खडे जडवलेल्या चांदीच्या पंजात तो तिथे अजूनही ठेवलेला आहे.