स्टार्टअपमधील ओपन सोर्स सॉफ्टवेअर

ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवर नव्या कंपनीने आपले उत्पादन, सेवा किंवा कार्यालयीन कामकाज उभे करण्याची पद्धत. नवी कंपनी ओपन सोर्स वापरते का, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. लिनक्सचा सर्व्हर, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस, पायथन, गो किंवा जावास्क्रिप्टमधला कोड आणि त्याखाली शेकडो तयार लायब्ऱ्या (इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे संच) हे बहुतेक ठिकाणी गृहीतच असते. पैसे वाचतात म्हणून ही पद्धत रुजली. कंपनी चार-पाच वर्षे टिकली की मात्र परवान्यात काय लिहिले आहे आणि उद्या पुरवठादाराने अटी बदलल्या तर बाहेर पडता येते का, हे दोन प्रश्न पैशांपेक्षा भारी पडतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट कंपनी काढायची तर सन मायक्रोसिस्टिम्सचे सर्व्हर आणि ओरॅकलचा डेटाबेस हा रूढ मार्ग होता आणि गुंतवणूकदारांच्या पैशाचा मोठा वाटा तिकडेच जाई. लिनक्स (1991), अपाची वेब सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पीएचपी (तिन्ही 1995) यांनी हे गणित बदलले. ‘लॅम्प’ नावाने ओळखली जाणारी ही जोडणी साध्या पीसीवरही चाले. फेसबुकने 2004 मध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएलवरच सुरुवात केली. इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झाले. एप्रिल 2012 मध्ये फेसबुकने ते 1 अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले तेव्हा तिथे 13 माणसे होती. भाड्याच्या सर्व्हरवर जँगो, पोस्टग्रेस, रेडिस आणि एनजिनएक्स असा खुल्या साधनांचा त्यांचा संच होता. व्हॉट्सॲपने फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि अर्लँग निवडले. अर्लँग ही एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली आणि 1998 मध्ये खुली केलेली भाषा. एकाच वेळी असंख्य जोडण्या सांभाळणे हेच तिचे मूळ काम असल्याने ती निरोपांच्या धंद्याला चपखल बसली. 2014 मध्ये 45 कोटी वापरकर्ते असलेली ही कंपनी विकली गेली तेव्हा तिच्याकडे 55 कर्मचारी होते. ही दोन उदाहरणे संस्थापकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतात. त्या मूठभर माणसांना आपली हत्यारे आतून-बाहेरून माहीत होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

परवान्याचा खर्च शून्य असला तरी देखभालीचा नसतो. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. 2019 मध्ये बारावी आवृत्ती बसवून जी कंपनी निवांत राहिली, तिच्यावर नोव्हेंबर 2024 पर्यंत चालत्या धंद्यात डेटाबेस बदलण्याची पाळी आली. बॅकअप घेतला जातोय का हे बऱ्याच ठिकाणी पाहिले जाते. त्या बॅकअपमधून डेटा परत उभा राहतो का, हे क्वचितच तपासतात. चार जणांच्या कंपनीने डेटाबेस, ईमेल, चॅट आणि कोडची साठवण असे सगळे स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे हा बहुधा तोट्याचाच व्यवहार ठरतो, कारण त्यातला एक जण उत्पादन सोडून त्यातच अडकून पडतो. क्लाउड कंपनीकडून पोस्टग्रेस तयार सेवा म्हणून घेणे हा मधला मार्ग आहे. देखभालीचे पैसे मोजायचे, पण ‘पीजी_डंप’ ही आज्ञा चालवून सारा डेटा एका फाइलीत काढून दुसरीकडे नेण्याची सोय हाती ठेवायची. त्या क्लाउडच्या खास सुविधा कोडमध्ये जितक्या शिरतात, तितकी ही सोय कागदावरची होत जाते.

परवान्यांकडे स्टार्टअप सहसा उशिरा पाहतात. एमआयटी परवाना जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे आणि मूळ कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवा एवढीच त्याची अट आहे. अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती (2004) पेटंटबद्दलही स्पष्ट बोलते. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याचे तसे नाही. जीपीएलचा कोड मिसळलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्याचा मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. नुसता आपल्या सर्व्हरवर चालवला तर हे बंधन लागू होत नाही, आणि वेब सेवा देणाऱ्या असंख्य कंपन्या याच आधारावर उभ्या आहेत. त्याच कंपनीने मोबाइल ॲप काढले किंवा दुकानात ठेवायचे यंत्र विकले की तो कोड ग्राहकाच्या हाती जातो आणि बंधन लागते. सर्व्हरची ही पळवाट 2007 च्या एजीपीएल या जीपीएलच्या कडक भावंडाने बुजवली: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरू दिला, तर त्यांना त्याचा कोडही मिळाला पाहिजे. गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांना एजीपीएल कोड वापरण्याची सरसकट बंदी केली आहे, यावरून मोठ्या कंपन्या याला किती बिचकतात ते दिसते.

हिशेब द्यायची वेळ येते ती मोठी गुंतवणूक मिळताना किंवा कंपनी विकताना. समोरच्याचे वकील सगळा कोड तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढतात आणि कोणता तुकडा कोठून आला, कोणत्या परवान्याखाली, याची यादी मागतात. चूक निघाली की किंमत पाडली जाते किंवा तो भाग नव्याने लिहून घेतला जातो. सिस्कोने 2003 मध्ये लिंक्सिस सुमारे 50 कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी, लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये लिनक्सचा जीपीएल कोड आहे आणि तो खुला केलेला नाही, हे लोकांच्या लक्षात आले. हा गुंता चिप आणि फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) पुरवणाऱ्यांच्या साखळीतून आला होता, पण जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात पडली. कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जन्माला आला. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये सिस्कोवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

उलट दिशेचा धोका म्हणजे खुला कोड पुढे बंद होणे. सिसिलीतले साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी 2009 मध्ये रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा वेगवान डेटाबेस लिहिला तोच मुळी आपल्या स्टार्टअपच्या गरजेतून. वेबसाइटवरची वर्दळ त्याच क्षणी दाखवताना त्यांना मायएसक्यूएल पुरत नव्हते. एमआयटीसारख्याच सैल बीएसडी परवान्यामुळे रेडिस सर्वत्र पसरला. मार्च 2024 मध्ये त्याच्या मागच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी परवाना बदलला. मोठ्या क्लाउड कंपन्या हेच सॉफ्टवेअर विकून कमाई करतात आणि आपल्याला काही मिळत नाही, ही तक्रार त्यामागे होती. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडवरून ‘वाल्की’ हा फोर्क, म्हणजे स्वतंत्र शाखा, निघाला. ॲमेझॉन, गूगल आणि ओरॅकल त्यामागे उभे राहिले. मे 2025 मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सकडे पाऊल टाकले. डेटाबेस मोंगोडीबी (2018), शोधयंत्रणा इलॅस्टिकसर्च (2021) आणि क्लाउडची मांडणी कोडने करणारे टेराफॉर्म (2023) यांनीही असेच परवाने बदलले. शेवटच्या दोघांचे ओपनसर्च आणि ओपनटोफू हे फोर्क निघाले. या साऱ्यावरून एक ठोकताळा बांधता येतो. ज्या प्रकल्पाचा सगळा कॉपीराइट एकाच कंपनीकडे आहे तो कधीही फिरू शकतो. पोस्टग्रेससारखा, ज्यात अनेक कंपन्यांचे आणि व्यक्तींचे योगदान गुंतलेले आहे, तो तसा फिरवणे जवळजवळ अशक्य.

सुरक्षेबाबत डिसेंबर 2021 मधले लॉग4जे प्रकरण पुरेसे बोलके आहे. जावा प्रोग्रामच्या नोंदी लिहिणाऱ्या या लायब्रीतल्या त्रुटीमुळे नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांत लागोपाठ नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. अनेक कंपन्यांची पंचाईत मात्र त्याआधीच झाली होती: लॉग4जे आपण वापरतो की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हते. ती त्यांनी स्वतः बसवलेली नव्हती, दुसऱ्या कुठल्यातरी लायब्रीच्या पोटातून आली होती. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.

भारतात या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे बंगळुरूची झेरोधा (स्थापना 2010). बाहेरची गुंतवणूक न घेता वाढलेल्या या ब्रोकर कंपनीने तीसेक जणांच्या तंत्रज्ञ गटाच्या बळावर आपली यंत्रणा पोस्टग्रेस, रेडिस आणि गो अशा खुल्या साधनांवर बांधली. ग्राहकांना लाखो ईमेल पाठवण्याच्या गरजेतून तिचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी ‘लिस्टमंक’ लिहिले आणि ते एजीपीएलखाली खुले केले.

महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईच्या फ्रॅपेचे. कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायात ईआरपी (उद्योगाचे सगळे कामकाज एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवण्याचा अनुभव गाठीशी घेऊन रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये काम सुरू केले. त्यातून तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हिशेब, साठा, उत्पादन हे सगळे सांभाळते आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली कोणालाही मिळते. त्याखालचा फ्रॅपे फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर ॲप बांधतात तो सांगाडा, एमआयटी परवान्याखाली आहे. ही विभागणी विचारपूर्वक केलेली दिसते. फ्रेमवर्कवर कोणीही बंद उत्पादन बांधावे, पण ईआरपीत बदल करून ते वाटणाऱ्याने बदल खुले करावेत. कंपनीची कमाई होस्टिंग आणि सहाय्यसेवेतून होते. जीएसटी आणि ई-वे बिलासाठीचे ‘इंडिया कंप्लायन्स’ हे ॲप तर फ्रॅपेबाहेरच्या कंपनीने बनवले आहे. ज्या छोट्या उद्योगाला महागड्या ईआरपीचा परवाना परवडत नाही, त्याला स्थानिक तंत्रज्ञाकडून हे बसवून घेता येते. तो तंत्रज्ञ सोडून गेला तरी डेटा आणि कोड आपल्याकडेच राहतो. पुण्यात रेड हॅट आणि एंटरप्राइझडीबी यांची मोठी अभियांत्रिकी कार्यालये असल्याने लिनक्स आणि पोस्टग्रेसमधली मुरलेली माणसे मिळणे तिथल्या स्टार्टअपना तुलनेने सोपे जाते. ओपन सोर्सचा प्रसार करणाऱ्या फॉस युनायटेड या संस्थेचे कार्यक्रम मुंबई-पुण्यातही होतात.

घेतलेल्याची परतफेड बहुतेक स्टार्टअप करत नाहीत. करणारे प्रामुख्याने दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला पाठवतात, आणि त्यात स्वार्थही असतो: आपला बदल मूळ कोडमध्ये गेला की प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पुन्हा चिकटवत बसावे लागत नाही. रोख पैसे देण्याची उदाहरणे विरळ. झेरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या फ्लॉस/फंडातून जगभरच्या प्रकल्पांना वर्षाला 10 लाख डॉलर द्यायचे ठरले आणि एका प्रकल्पाला 10 हजार ते 1 लाख डॉलर मिळू शकतात.